बदलीचा मास्तर

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बाहेरचा नोकरदार माणूस दोनच कारणांनी येतो, असा एक जुना समज आहे. एक तर त्याला बढती मिळालेली असते आणि बढतीच्या पाठोपाठ हे लचांड गळ्यात पडलेले असते. नाही तर त्याच्यावर वरच्या साहेबांची मर्जी खफा झालेली असते. खुद्द जिल्ह्यातही हाच न्याय चालतो. शहाद्याचा मास्तर तळोद्याला गेला तर ती नुसती बदली. तोच चांदसैलीचा घाट चढून धडगावला गेला, की लोक आवाज उतरवून विचारतात, "का हो, काय झालं?"

मी या मुलखात मास्तरकी केली ती हा जिल्हा धुळ्यातून वेगळा निघण्याच्याही आधीपासून. १ जुलै १९९८ला जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. पण बदलीच्या हुकुमाचा वास तोच राहिला. बदलीचे प्रकार मला तोंडपाठ आहेत. विनंतीची बदली, सोयीची बदली, शिक्षेची बदली, आणि या सर्वांहून चमत्कारिक असा तो 'प्रभारी' नावाचा प्रकार. प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे काम सगळे करायचे, शिव्या सगळ्या खायच्या, पण खुर्चीत रेलून बसायचे नाही; कारण खरा मुख्याध्यापक केव्हाही दारात उभा राहील!

हे पुराण लावण्याचे कारण म्हणजे खालिद जमील हे गृहस्थ. फुटबॉल खेळता खेळता ते प्रशिक्षक झाले आणि मग या गावाहून त्या गावाला फिरत राहिले. त्यांची माझी ओळख नाही, होण्याचा संभवही नाही. पण त्यांची हकीकत वर्तमानपत्रांतून तुकड्यातुकड्यांनी वाचताना मला सारखे वाटत आले, की अरे, हा तर आपल्या खात्यातला माणूस आहे. हा बदलीचा मास्तर आहे.

जमील यांचा जन्म १९७७ सालचा आणि तोही कुवेतमधला. आईवडील भारतीय. आखातात युद्ध पेटले तेव्हा कुटुंब इकडे आले, म्हणजे पहिली बदली सद्दाम हुसेनने केली म्हणायची. मुंबईत ते मधल्या फळीतले खेळाडू म्हणून नावारूपाला आले. एअर इंडिया, महिंद्र युनायटेड असे संघ झाले, नव्वदीच्या अखेरीस भारताच्या संघातही निवड झाली. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मेव्हण्याकडे मुंबईला गेलो, की कूपरेजला एक चक्कर टाकीत असे. तो काळ मुंबईच्या फुटबॉलचा उतरणीचा होता, पण अगदी तळाशी गेलेला नव्हता. बँका, रेल्वे, विमान कंपनी, मोटारी बनवणारे कारखाने यांचे संघ होते. पोराला खेळ येत असला तर नोकरी लागे, आणि नोकरी लागली की आई निर्धास्त होई. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते डेरिक परेरा. पुढे चारच वर्षांनी, २०१०मध्ये, तो संघ मालकांनीच मिटवून टाकला. ज्या मैदानावर खेळून माणूस मोठा होतो, त्या मैदानाच्या पाठीमागच्या कचेरीत त्याचा संघ एका सहीने संपतो, हे या मंडळींनी फार जवळून पाहिले आहे.

जमील तोवर मुंबई एफसी नावाच्या नव्या क्लबात गेले होते. खेळायला म्हणून गेले, पण दुखापतीने घात केला. २००९ साली, वयाच्या बत्तिशीत, त्याच क्लबाने त्यांना प्रशिक्षक केले. बत्तिशीत माणूस हेडमास्तर होतो, याचा अर्थ आमच्याकडे एकच असतो: दुसरे कोणी यायला तयार नाही.

या क्लबाजवळ पैसा बेताचा. कूपरेजचे काम निघाले तेव्हा काही हंगाम घरचे सामनेसुद्धा पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. म्हणजे घरचे वऱ्हाड आणि मांडव परगावी! अशा संघाला घेऊन हा माणूस सात वर्षे बसला. विजेतेपद एकही नाही. पण खालच्या वर्गात ढकलले जाण्याची नामुष्कीही एकदाही नाही. टीका होई की, यांचा संघ कोंबडी अंड्यांवर बसते तसा आपल्या गोलवर बसून राहतो. टीका खोटी नव्हती. पण ज्याच्या वर्गात पन्नास पोरे आणि पुस्तके वीस, त्या मास्तरने कोणती नवी शिक्षणपद्धती आणावी? त्याने पोरे नापास होऊ दिली नाहीत, एवढे पुष्कळ झाले. अर्थात एवढ्यावर कोणी हार घालीत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात सात वर्षांचा हा संसार संपला आणि जमील मोकळे झाले.

मग आले ऐझॉल.

आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा विचारले होते, "अहो, हे ऐझॉल कुठं आलं?" मी नकाशा काढून दाखवला. मिझोरामची राजधानी, डोंगराच्या कण्यावर वसलेले शहर. एका अंगाला बांगलादेश, दुसऱ्या अंगाला ब्रह्मदेश. सौभाग्यवती नकाशाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं धडगावच की!" मी एवढ्या वर्षांत इतका नेमका भूगोल शिकवल्याचे मला स्मरत नाही.

शिक्षेची बदली म्हणावी तर याहून मोठी कोणती? हा ऐझॉलचा क्लब आदल्याच हंगामात, २०१५-१६ साली, राष्ट्रीय साखळीतून खाली घसरला होता. गोव्याच्या नामांकित क्लबांनी रुसून स्पर्धेतून अंग काढून घेतले, जागा रिकामी पडली, म्हणून यांना पुन्हा आत घेतले. थोडक्यात, नापास झालेला विद्यार्थी पटसंख्या भरायला वरच्या वर्गात बसवलेला, आणि त्याला शिकवायला मुंबईने सोडून दिलेला मास्तर!

जमील यांनी मुंबईच्या मैदानांवरची ओळखीची पोरे बरोबर घेतली. जयेश राणे, आशुतोष मेहता ही त्यांतली नावे. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. सीरियाचा महमूद अल-अमना मधल्या फळीत आणि बाकी बहुतेक मिझो मुले, डोंगर चढून-उतरून ज्यांच्या पायांत आयतीच पोलादी तार भरलेली. मिझोराममध्ये फुटबॉल हा नुसता खेळ नाही. आपल्याकडे जसे घरटी एक पोर क्रिकेटची बॅट घेऊन फिरते, तसे तिथे सबंध गाव चेंडूच्या मागे असते. मोहन बागान किंवा बंगळूरु यांच्या खर्चाशी तुलना केली तर ऐझॉलचा खर्च म्हणजे त्यांच्या धोब्याचे बिल. पण अठरा सामन्यांच्या त्या हंगामात ऐझॉल वर वर सरकत गेले. २२ एप्रिल २०१७ला त्यांनी आपल्या डोंगरावरच्या मैदानात मोहन बागानला १-० असे हरवले. झोमिंगलियाना राल्टेने तो गोल सामना सरत आला असताना डोक्याने मारला.

राहिला शेवटचा दिवस, ३० एप्रिल. ऐझॉलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध नुसती बरोबरी पुरे होती, आणि त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होते. मी खोलीचा दरवाजा लोटून बसलो. बाहेर आमच्या नंदुरबारचे ऊन असे होते, की मिरचीच्या पथाऱ्या नसतानाही डोळे चुरचुरावेत. नवव्या मिनिटालाच लाजाँगने गोल केला. तिकडे बागान जिंकण्याच्या मार्गाला. अर्धा सामना तसाच गेला. सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या, तो निवला. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली, आणि मग उरलेली वीस-बावीस मिनिटे! मुंबई एफसीत सात वर्षे ज्या बचावाबद्दल लोकांनी नाके मुरडली, तोच बचाव त्या वीस मिनिटांत कामाला आला. सामना १-१ सुटला. ऐझॉलचे गुण ३७, बागानचे ३६. ईशान्येकडच्या कोणत्याही क्लबाने देशाची साखळी जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आणि दैवाचा खेळ पाहा, त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर जाऊन खाली घसरली. त्याच वर्षी तो क्लबच संपला. आमच्या कचेरीतला एखादा शिपाईसुद्धा म्हणाला असता, "मास्तर सोडला आणि शाळा बुडाली!"

इथे गोष्ट थांबवली असती तर ती किती गोड झाली असती! पण जून महिन्यात जमील यांनी ऐझॉल सोडले आणि ते कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेले.

मला राग आला. का यावा? त्यांनी काय ऐझॉलला शब्द दिला होता? संसार आहे, वय उलटते आहे, कोलकात्याचा मोठा क्लब मोठा पगार देतो आहे. नाही म्हणणारा मूर्ख ठरेल. हे सगळे कळत होते, तरी राग आला. त्याचे मूळ ऐझॉलमध्ये नव्हते, ते आमच्या अक्राणीत होते.

आमचे एक सहकारी होते, व्यायामाचे शिक्षक. घाटाखालच्या कुणाशी तरी त्यांचे वाजले आणि त्यांना डोंगरावरच्या एका शाळेत पाठवले गेले. पहिले दोन महिने त्यांनी नशिबाला शिव्या दिल्या. मग करायला काही नाही म्हणून मैदान साफ करवले, चुन्याची फक्की आणून रेघा मारल्या आणि पोरांना खो-खो शिकवायला घेतला. त्या भिल्ल-पावरा मुलांच्या पायांना शिकवायचे असे फारसे नव्हतेच. फक्त नियम सांगायचे होते. तिसऱ्या वर्षी त्या पोरांनी जिल्ह्याच्या गावी येऊन शहरातल्या शाळांना असे पळवले, की पंचांची शिट्टी मागे राहिली. ढालीसह मिरवणूक झाली. आणि पुढच्या जूनमध्ये सरांची विनंती मान्य झाली. म्हातारे वडील होते, मुलीचे कॉलेज होते. विनंती खरीच होती. निघाले त्या दिवशी काळीपिवळी जीप माणसांनी भरलेली, टपावरही माणसे, आणि खाली पोरे ओळीने उभी. एकाने विचारले, "गुरुजी, परत कधी?" सर म्हणाले, "येईन की." मी त्याच जीपमध्ये होतो. घाट उतरेपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

पावसाळ्यात चुन्याच्या रेघा गेल्या. पुन्हा कोणी मारल्या नाहीत.

ऐझॉलचेही थोडेफार तसेच. क्लब टिकला, मुले खेळत राहिली, पण २०२५ सालापर्यंत तरी ते विजेतेपद पुन्हा त्यांच्या डोंगरावर गेलेले नाही. दूरच्या गावाला चांगला मास्तर मिळतो तो चुकून, आणि त्याचा चांगुलपणा जगाला कळला की तो गेलाच.

युरोपात म्हणे असे नसते. म्हणजे माणूस फिरतो, पण फिरण्याला शिक्षा मानीत नाहीत. रुमानियाच्या मिर्चा लुचेस्कूचे उदाहरण घ्या. १९७०च्या जागतिक स्पर्धेत आपल्या देशाचा कप्तान असलेला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला. रुमानियाचा राष्ट्रीय संघ, मग इटलीत पिसा, ब्रेशिया आणि काही काळ इंटर मिलान, मग तुर्कस्तानात गालातासराय आणि त्यांचेच हाडवैरी बेशिक्ताश, मग युक्रेनमध्ये शाख्तार. हा शाख्तार म्हणजे कोळशाच्या खाणींच्या डोनेत्स्क गावचा संघ. लुचेस्कू तिथे २००४ला गेले आणि बारा वर्षे राहिले! २००९ला त्यांनी त्या संघाला यूएफा चषक मिळवून दिला. २०१४मध्ये गावात युद्ध आले, संघाला घरदार सोडून दूर ल्विवला जाऊन खेळावे लागले, तेव्हाही म्हातारा बरोबर होता. भटकणारा माणूसही कुठे तरी बारा वर्षे टिकू शकतो, पण त्याला टिकवणाराही भेटावा लागतो. आमच्याकडे प्रशिक्षकाला बारा महिने मिळाले तर तो पेढे वाटतो.

ईस्ट बंगालमध्ये जमील यांना एकच हंगाम मिळाला. संघ चौथा आला. चौथा म्हणजे कोलकात्यात नापास. तिथले प्रेक्षक चौदा वर्षे साखळीच्या विजेतेपदासाठी उपाशी होते. मग २०१९च्या जानेवारीत समोरच्या वाड्यात, मोहन बागानमध्ये, तेही हंगामाच्या मध्यावर दुसऱ्याच्या जागी. तो हंगाम संपला आणि बागानने स्पेनहून नवा प्रशिक्षक आणला. त्यानंतर गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. इथे मात्र तो 'प्रभारी' प्रकार अक्षरशः घडला. इंडियन सुपर लीगच्या या संघाचे साहेब परदेशी असत. साहेब गेला की जमील यांनी गाडा ओढायचा. २०२१च्या जानेवारीत स्पॅनिश साहेबाला काढले तेव्हा संघ गटांगळ्या खात होता. प्रभारींनी साखळीतल्या उरलेल्या सामन्यांपैकी एकही हरू दिला नाही आणि संघ उपांत्य फेरीत नेला! तेव्हा कुठे मालकांनी त्याच वर्षी त्यांना कायम केले. त्या स्पर्धेत कायमचा मुख्य प्रशिक्षक झालेला हा पहिला भारतीय. स्पर्धा सुरू झाली २०१४ला. सात वर्षे लागली. आणि कायम झाल्यावर? त्या हंगामात संघ अकरांत दहावा. प्रभारी असताना वाघ आणि कायम झाल्यावर शेळी, हे आमच्या खात्यातही मी पाहिले आहे. मात्र त्यात दोष नेहमी माणसाचाच असतो, असे मला वाटत नाही. कायम झालेल्याच्या वर्गातली हुशार पोरे दरम्यान दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.

त्या हुशार पोरांतला एक अपुइया. मिझोरामचाच मुलगा, नॉर्थईस्टच्या त्या धावत्या हंगामात जमील यांच्या हाताखाली खेळलेला. पुढे जमील जमशेदपूरला गेले. २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना मोहन बागानविरुद्ध २-१ असा जिंकला. कोलकात्यातला परतीचा सामना अगदी अखेरच्या मिनिटांपर्यंत अडवून धरला होता. जादा वेळेत दुरून एक फटका आला आणि जमशेदपूरचे स्वप्न आटोपले. फटका अपुइयाचा होता. स्वतः शिकवलेल्या पोराने मास्तरची दांडी उडवली! मला वाटते, मनात कुठे तरी मास्तर त्या फटक्याला दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे झाले असतील.

त्यानंतर चारच महिन्यांत, १ ऑगस्ट २०२५ला, त्यांना भारताच्या संघाचे प्रशिक्षक नेमले. अर्ज आले होते शंभराच्या वर, परदेशी नावेही होती. गोव्याच्या साविओ मदेरांनी २०१२ला ही जागा सोडली, तेव्हापासून तेरा वर्षे या खुर्चीवर देशी माणूस बसला नव्हता. एके काळी याच खुर्चीवर सय्यद अब्दुल रहीम बसत. हैदराबादचे हे रहीमसाहेब मुळात शाळामास्तर! त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदके जिंकली आणि १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६३ला ते गेले. तेव्हापासून आपण साहेब शोधत फिरलो.

नव्या मास्तरांनी सुरुवात तर नामी केली. मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवले. इराणने तीन गोल चढवले खरे. पण तिसऱ्या जागेच्या सामन्यात ओमानला पेनल्टींवर नमवले. ओमानला भारताने हरवण्याची ती पहिलीच वेळ. मी पेढे आणले. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या बढतीलासुद्धा एवढे आणले नव्हते."

पेढे पचायच्या आत ऑक्टोबर आला. आशिया चषकाच्या पात्रतेसाठी सिंगापूरशी दोन सामने. पहिला त्यांच्याकडे, शेवटच्या घटकेला १-१. दुसरा १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर. छांगतेने सुरेख गोल करून आघाडी घेऊन दिली, छांगतेही मिझोच. आता पुरते बचावाला बसतील, असे मी म्हणत होतो, आणि मध्यंतराच्या उंबरठ्यावर सिंगापूरने बरोबरी केली. दुसऱ्या डावात दुसरा गोल. १-२. आशिया चषकाचे दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडूनही ०-१.

शिलाँगला जो बचाव वीस मिनिटे टिकला, तो फातोर्ड्याला का टिकला नाही, याची कारणे जाणकारांनी पुष्कळ दिली. मला एवढेच दिसले, की हा मास्तर आला तेव्हा शाळा निम्मी बुडालेली होती. आधीच्या साहेबांच्या हाताखाली बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगशी हार होऊन गेली होती. सहामाहीचे गुण लागले होते आणि वार्षिकाला महिने दोन उरले होते. वर्षभराची फी भरलेल्या पालकांनी मात्र जाब शेवटच्या मास्तरलाच विचारला.

ढाक्याचा निकाल आला त्या रात्री आमच्याकडे ते खो-खोचे सर आले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. नंदुरबारलाच घर बांधले आहे. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांना फुटबॉलमधले फारसे कळत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ऐझॉल म्हणालात, तिथं हे गृहस्थ पुन्हा गेले का कधी?"

"सामना खेळायला दुसऱ्या संघाबरोबर गेले."

"तसं नाही हो. सहज म्हणून."

मी म्हटले, "ते काही पेपरात येत नाही." सर उठले, चपला घातल्या, आणि जाता जाता धडगावची सकाळची पहिली गाडी हल्ली किती वाजता सुटते, ते विचारून गेले.